टाकीतला फेस

हे कुणाला सांगू नको असं आईनं बजावलंय, तेव्हा तुम्हीही मनातच ठेवा.

फौजेतून आल्यापासून अण्णांच्या हातांतलं बळ कमी होत चाललंय. म्हणूनच त्यांनी पॉवर स्टिअरिंगचा जुना ट्रॅक्टर घेतला. परवा त्याच्या स्टिअरिंगच्या तेलाचा पाइप फुटला. काल अण्णांनी अंगणातच नवा बसवला, कारण उद्यापासून कारखान्याला ऊस न्यायचाय.

पाइप बदलला की आत शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर स्टिअरिंग जड जातं. पुढची चाकं जॅकवर उचलायची आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. तेलाच्या टाकीत फेस येतोय तोवर आत हवा आहे. टाकीत बघायचं काम माझ्याकडं होतं.

"फेस हाय का गं?"

"न्हाई, अण्णा. तेल निवळ हाय."

"नीट बघ. लय जड जातंय. हवा हाय अजून."

घामाघूम होऊन ते पाणी प्यायला आत गेले. आई भाकरी टाकायची सोडून आली, ट्रॅक्टरवर चढली आणि पिठाच्या एका हातानं स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. मग परत मागं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि स्टिअरिंगला लागलेलं पीठ पदरानं पुसलं.

अण्णा बाहेर आले. "काय झालं?"

"आवं, खरंच लय जड हाय," आई म्हणाली. "हवाच असंल."

आज सकाळी मी आईला विचारलं, की उद्या अण्णा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर निघाले आणि वळणावर त्यांचे हात कमी पडले तर कोण...

"सुमे!" अंगणातून अण्णांची हाक आली. "ये गं इकडं, टाकीत फेस हाय का बघ!"