लग्नकार्यात थोडीशी

(तंजावूर. हृदयाच्या डॉक्टरांची खोली. डॉक्टरांशी बोलणं तमिळमध्ये, बहीणभावाचं आपसात मराठीत.)

डॉक्टर : परत विचारते, सर. दारू किती घेता?

राघवेंद्र : लग्नकार्यात. थोडीशी.

वरलक्ष्मी : राघू, पोंगलच्या सणाला घेतोस ती पण सांग. मागाहून कळलं तर बरं दिसत नाही.

राघवेंद्र : पोंगलची कशाला, अक्का? आधीच हिचं तोंड कडू झालंय.

वरलक्ष्मी : पोर बरी आहे. केस तेवढे नीट बांधत नाही.

डॉक्टर : सकाळी बांधले होते, अक्का. वॉर्डात फिरून सुटले.

वरलक्ष्मी : मराठी येतं तुला?

डॉक्टर : घरी तेच बोलतो. मी मेल राजवीथीतल्या शेषम्मांची नात, श्रीविद्या.

वरलक्ष्मी : शेषम्माची नात. तुझ्या आईच्या लग्नात डांगर पचडी मी वाढली. मीठ कमी होतं.

डॉक्टर : आजी अजून सांगते. आता ऐका, मामा. पाय सुजलेत, उताणं झोपलं की गुदमरता. अँजिओत नळ्या मोकळ्या दिसतात. इकोत मात्र हृदय ताणून मोठं झालंय, जोर कमी पडलाय. हे दारूनं झालं असेल तर दारू पूर्ण सोडून, गोळ्या घेऊन पुष्कळ सुधारतं. घेत राहिलात तर माझ्या हातात फार राहणार नाही.

राघवेंद्र : मग आजपासून सोडली. निघतो आम्ही.

डॉक्टर : रोज घेणाऱ्यानं घरी एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो. त्याला इथे ठेवून सोडवावी लागते. लग्नकार्यात घेणारा घरी गेला तरी चालतं. तुम्ही यातले कोण?

वरलक्ष्मी : रोज कशाला घेईल तो? आमचे अप्पा कॉफीसुद्धा पातळ प्यायचे.

राघवेंद्र : अक्का, जरा बाहेर बस.

वरलक्ष्मी : बाहेर पंखा नाही.

राघवेंद्र : मग मी तमिळमध्ये सांगतो, डॉक्टर. मराठीत सांगायला गेलं की आई ऐकतेय असं वाटतं.

डॉक्टर : सांगा.

राघवेंद्र : रोज. सकाळी तोंड धुतल्यापासून. हात थरथरतो नाहीतर.

वरलक्ष्मी : मला तमिळ कळतं, राघू.

राघवेंद्र : माहीत आहे.

वरलक्ष्मी : श्रीविद्या, याला ठेवून घे. मी जाऊन नेसायला वेष्टी, टॉवेल आणते. आणि राघू, घरात बाटल्या कुठे कुठे आहेत, तेवढं सांग. तमिळमध्येच सांग.