वेलिकाला काढण्याचा ठराव

रायको : बस ना. उभी का?

वेलिका : आरोपीला बसवत नाहीत. विचार काय ते.

रायको : आरोपी कसली? मंडळाचा अध्यक्ष म्हणून सभेआधी तुझ्याशी दोन शब्द बोलावेत, एवढंच. इथे जिनिव्हात आपण बल्गेरियन विद्यार्थी मूठभर. त्यात एकदा संशय शिरला की...

वेलिका : भाषण सभेत कर. मला इस्पितळात रुग्ण तपासायला जायचंय.

रायको : स्तामेनला पकडलं. मायदेशी पोचताच, रुसे बंदराच्या धक्क्यावर, बोटीतून उतरता उतरता. पेटीच्या तळाशी आपली सरकारविरोधी पत्रकं होती.

वेलिका : माहीत आहे.

रायको : दाढी काढून, कापडाचा व्यापारी बनून तो गेला, हे तिघांनाच ठाऊक होतं. तू, मी आणि गांचो.

वेलिका : दाढी मीच काढली. सारखा हसत होता, म्हणून हनुवटीला जरा लागलं.

रायको : आणि इथल्या बल्गेरियन वकिलातीतल्या साहेबाच्या घरी तू मागच्या दारानं जातेस. गांचोनं पाहिलंय.

वेलिका : जाते. त्याची बायको माझ्या गावची, गाब्रोवोची. दिवस भरत आलेत, आणि इथल्या डॉक्टरांचं फ्रेंच तिला कळत नाही. मी तपासते, ती चीज भरलेली आपली बानित्सा खाऊ घालते.

रायको : म्हणजे सोफियाच्या सरकारचं मीठ खातेस.

वेलिका : चीज खाते. मागच्या दारानं जाते, कारण तुम्ही हेच बोलणार हे मला ठाऊक होतं.

रायको : तिथे स्तामेनचा विषय निघाला असेल. अनवधानानं.

वेलिका : नाही निघाला. आता मी विचारते. काल ग्रंथालयात तू मला बघून तोंड फिरवलंस. का?

रायको : बातमी कळली होती. गांचोनं सकाळीच सांगितलं.

वेलिका : काल सकाळी?

रायको : हो. का?

वेलिका : स्तामेनच्या बहिणीची तार मला आज आली. घरच्यांनाही काल रात्रीच कळलं, पोलीस झडतीला आले तेव्हा. मग गांचोला आधी कुणी सांगितलं?

रायको : तो... त्याच्या ओळखी खूप आहेत.

वेलिका : कुणाशी?

रायको : हे बघ, वेलिका. गांचो माझा होणारा मेहुणा आहे. त्याच्या बहिणीशी लग्न ठरलंय माझं.

वेलिका : म्हणून तर म्हणते, तूच विचार त्याला.

(गांचो दार न ठोठावताच आत येतो.)

गांचो : अजून चालूच आहे का? खाली सगळे खोळंबलेत. कबूल केलं का बाईंनी?

रायको : गांचो, एक विचारू? स्तामेनचं तुला कुणी सांगितलं?

गांचो : मला? तूच की. काल, जिन्यात.

रायको : मी?

गांचो : विसरलास? सध्या तुझं लक्ष ठिकाणावर नसतं. माझी बहीणही तेच म्हणते. तिला सांगू का, नवरामुलगा आत्ताच विसराळू झालाय म्हणून?

वेलिका : रायको, बोल.

रायको : असेल. मीच सांगितलं असेल.

गांचो : झालं तर मग. चला, ठराव मांडायचाय. बाईंनी आलंच पाहिजे असं काही नाही.

वेलिका : मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन. रायको, हात वर करशील तेव्हा माझ्याकडे बघ.