टीव्हीवरचा वड

खताच्या दुकानात गुलाबाचं औषध घ्यायला आलेली पूर्णिमा पुढच्या दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अडकली.

"सून बाळंतपणाला गेली आन् तिचा टीव्हीवर ठेवलेला वड वाळाय लागला. माती उकरली, तर हुमणीच्या अळ्या!"

"घरातल्या झाडाला हुमणी? केरबा, घातलंस काय त्यात?"

"ताजं शेण. ईस वर्षं तिच्या बानं सांभाळलेला वड आन् वीतभर! म्हटलं, व्याह्यानं उपाशीच ठेवला."

"आरं, बोन्साय हाय त्यो! बारीकच ठेवत्यात."

"हे आता सांगतोस? मुळं धुऊन उसाच्या बांधावर लावला की. पावसाळ्यात कमरेएवढा झालाय."

"झाड जगलं न्हवं? मग औषध कशाला?"

"सून उद्या येतीया." केरबा दुकानदाराकडं वळला. "पावणं, झाड परत बारीक व्हायचं औषध हाय काय?"