रेतीत दाबलेला दात

— नाई नाई सर, चप्पल नका काढू, इथंच ओसरीत बसा, सावली हाय. दिव्या नाई घरी. तिच्याचसाठी आले ना? मले माहीत हाय, दातवाले सर तुमी, कालेजचे — काल फोन आला तो मीच उचलला, मी तिची मोठी जाऊ. टावर नाई इकडं, तुमी काय काय बोलून राहिले होते, मले फकत ‘दात’ आन ‘उद्या अकरा वाजता’ एवढंच आयकू आलं. काय म्हनता? सांगान ना, सांगान, आधी पानी प्या. घाई कायची हाय? नागपूरवरून आले, उनाचे आले, आन आल्या आल्या कागद कायले काढता? ठेवा तो कागद. चहा टाकतो मी. नको? बरं, मंग थोड्या वेळानं.

तिनं तुमाले चिठ्ठी लिहिली, आमाले दाखवली नाई. दहावी पास हाय ना, मुर्रीची पोरगी, गोंदियाच्या बाजूची, अक्षर मोत्यावानी. पन सर, जंगलातलं तिले काई कळत नाई, हे मी आजच सांगून ठेवतो. लगन होऊन आली तवा सात्या, वारुळावरच्या खाच्या छत्र्या, खुडाले नेली मी तिले, तं बाई विषारी छत्र्या भरून आनल्या टोपलीत! मी नसती तं आख्खं घर त्या दिवशी झोपलं असतं, उठलंच नसतं. आन माहा डोळा? इचारा आमच्या टोलीत, या वस्तीत कोनालेबी. वारुळापाशी कोनत्या दिवशी सात्या निंगन, खेकडा कोनत्या बिळात हाय आन कोनतं बीळ खाली हाय, चारोळीचं चारं कुठं पिकलं — बाया माह्या मांगं मांगं चालत, कारन रुख्माबाई गेली तं टोपलं भरून येते. माहा सासरा म्हने, मोठ्या सुनेचा डोळा घारीचा हाय. दुसरं काय होतं माह्यापाशी? ना रूप, ना शिक्षन. डोळा होता. तेवढाच एक होता, सर.

मंग आमी कच्छात गेलो, दोन हजार आठ साली. सडक अर्जुनीचा ठेकेदार घेऊन गेला — माहा मालक पतिराम, दीर दुर्गेश, मी आन हे दिव्या. समुद्राच्या काठानं दगडाची भिंत बांधाचं काम. समुद्र कोनी पाह्यला होता? मी तं पह्यल्या दिवशी भेलीच, म्हटलं एवढं पानी आन पेवाले एक घोट नाई! सांजेले काम सुटलं का पानी मांगं सरे, मंग आमी बाया काठानं फिरो. सवयच ना — जंगलाची बाई, मोकळ्या हातानं चालताच येत नाई, डोळे खाली, काई भेटते का. आन भेटला, सर. मले भेटला. पह्यला दात त्या काठावर मले भेटला, हे आज मी तुमाले सांगून राहिली, आन हे सांगाले मले तीन वर्सं कोनी भेटलं नाई.

दात बी कसा — अर्ध्या तळहाताएवढा, तिकोनी, काळानिळा, आन धारेले बारीक बारीक दाते, धान कापाच्या इळ्याले असते ना तसे. हातात घेतला आन झटकन पदराखाली झाकला. कायले? तुमी हासान. आमच्या टोलीत बिसराम हाय. त्याच्या आज्याच्या वेळचं वाघनख, लेकराच्या गळ्यात बांधलं होतं, नजर लागू नाई म्हनून — जंगलखात्याच्या नाकेदारानं पाह्यलं. दोन वर्सं कोर्टाच्या तारखा केल्या त्यानं, बैलजोडी इकली. तवापासून आमच्यात जनावराचं नख, दात, केस, काई दिसलं तं पाय लावून पुढं जाचं, उचलाचं नाई. मी मनात म्हटलं, रुख्मे, परमुलूख हाय, इथला नाकेदार कोन्या भाषेत बोलन माहीत नाई, आन तुह्या हातात दात! कोन्या जनावराचा हाय हे कोन पाह्यते? इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, कोनी नाई. बाभळीच्या झुडपापाशी गेली, हातानं रेती उकरली, दाबला, वरून पाय फिरवला. घरी जाऊन मालकालेबी सांगतलं नाई.

आन दुसऱ्या दिवशी सकाळी? दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाई झोपडीत आली नाचत — पाहा काय भेटलं मले! मले भेटलं! तोच दात, सर. तोच! एका कोपऱ्याले टवका उडालेला, मी वळखनार नाई का? सुपरवाझर आला, त्यानं इंजिनेराले दाखवला, इंजिनेर म्हने, हा तं माशाचा दात, मोठ्या माशाचा, मानूस पैदा नाई झाला तवाचा, दगड झाला हाय, याले कोनी पकडत नाई, सांभाळून ठेव पोरी. पोरी! आन मी तिथंच भाकर थापून राहिली होती. काय बोलू? बोलली तं लोक म्हनन, जळते. म्हनून नाई बोलली. — जळत नव्हती असं नाई म्हनत मी. जळतच होती. भाकर करपली माही.

त्याच्यानंतर तिले दात भेटतच गेले. बारीक बारीक, गव्हाच्या दान्याएवढे, काई नखाएवढे. चाळीस का काय झाले, डब्बा भरला. आन मी? सात महिने रोज सांजेले त्या काठानं फिरली, सर. डोळे फाडून पाह्यलं. कवड्या भेटल्या, काच भेटली, एक चप्पल भेटली. दात एकबी नाई. माह्यापासून एका हातावर ती चाले, बोलत बोलत चाले, खालती पाह्येबी नाई नीट, आन वाकून उचले — हा पाहा बाई, आनखी एक. बाई म्हने मले, मानानं. आन मले वाटे, हिचं डोस्कं त्या रेतीत दाबावं.

गावात आलो तं अजून तमाशा. शाळेत सव्वीस जानेवारीले बोलावलं तिले, शाल दिली, नारळ देला, पेपरात फोटो आला, मांडवात शिरतानाचा. त्या फोटोत मी हावो, माहीत हाय? कोपर हाय माहं. बाजूले. हे कोपर कोनाचं, कोनी इचारलं नाई. आन माईकवर काय म्हने ती — माझ्या मोठ्या जाऊबाईंनी वर यावं. वर यावं! आख्ख्या गावासमोर मले लाजवाले! शाल आपल्या आंगावर आन मले बोलावते टाळ्या वाजवाले. मी पाठ फिरवली आन सरळ वावरात निंगून गेली. चार महिने बोलली नाई तिच्यासंगं, अजूनबी कामापुरतंच बोलतो. ती बोलाले ये, मी उठून जावो. एक दिवस डब्बा माह्या पुढ्यात ठेवून म्हने, घ्या, तुमचंच हाय. टोमना मारते! मी पायानं लोटला डब्बा.

काय? कुठं गेली ती? येईन ना. दोन वाजेपर्यंत येईन. — अर्जुनीले गेली हाय. स्टँडवर. नाई, बजारासाठी नाई... आता सांगतोच, तुमी काई लहान लेकरू नाई. मी म्हटलं तिले, का सरांचा फोन आला होता, सर घरी नाई येत, अकरा वाजता स्टँडवरच भेटतो म्हने. डब्बा घेऊन उभी असन. चुकलंच माहं, मान्य हाय. पन सर, ती घरात असती तं तुमी माह्याकडं पाह्यलं असतं का? नाई ना? मंग? एक घंटा पाह्यजे होता मले. एकच घंटा. — उठू नका! बसा! डब्बा तिच्यापाशी असला तरी मोठा दात माह्यापाशी हाय. सकाळी काढून घेतला मी. हा पाहा. पदराले बांधला होता. घ्या हातात. हाय ना टवका?

आता आयका. ती तुमाले जागा सांगन ती बाभळीजवळची, रेतीतली. ती जागा खोटी हाय. तिथं मी दाबला होता. खरी जागा वेगळी — काठ तुटला होता समुद्रानं, पिवळ्या मातीची भिंत उभी, माह्या कमरेएवढ्या उंचीवर हा दात आडवा रुतला होता, टोक फकत बाहेर. मी खिल्यानं कोरून काढला, तवाच तो टवका उडाला. आन त्याच्या खालतं, एक वीत खालतं, गोल गोल चकत्या होत्या, दगडाच्या, एकावर एक, कुनाच्या तरी मनक्यावानी. — हां! आता कशी पेन काढली! लिवा. पिवळी माती लिवा. मनका लिवा. भिंतीच्या उजव्या हातानं खाडी होती. जागा मी दाखवतो, घेऊन चला मले, डोळे बांधून नेलं तरी दाखवीन. पन एक गोष्ट. कालेजात काचेच्या पेटीत ठेवान ना हा, खालतं नाव लिवान? तिथं माहं नाव पाह्यजे. रुख्माबाई पतिराम कुंभरे. दिव्याचं खोडा. दोघींचं बी नको, एकटीचं. नाई तं ही जागा मी माह्यासंगं मसनात घेऊन जाईन, सांगून ठेवतो.

काय दाखवता? चिठ्ठी? तिचीच ना? मले वाचता येत नाई, सर, सही शिकली तेवढी, अंगठा नको म्हनून... थांबा. हे काय हाय? हे तं — हे तं माहं नाव हाय ना? र ले उकार... इथं बी हाय. खालतं बी हाय. वाचा. जोरानं वाचा.

‘दात माझ्या जाऊबाई रुख्माबाई यांनी काढला.’ पुढं? ‘भीतीने त्यांनी तो रेतीत दाबला, तेव्हा मी मागे उभी होते.’ मांगं उभी होती? म्हंजे पाह्यलं तिनं मले? मी इकडं तिकडं पाह्यलं होतं तं! पुढं वाचा. ‘कोणी पकडलंच तर मला पकडावं, म्हणून मला सापडला असं सांगितलं. नंतर खरं सांगायला गेले, पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. जागा त्यांनाच माहीत आहे. सर, तुम्ही येऊन त्यांनाच भेटा.’

परत वाचा ते. शेवटचं. ‘त्यांनाच भेटा.’

म्हंजे तुमी... तुमी माह्यासाठी आले? मंग सांगतलं कायले नाई? आल्यापासून — हो, तुमी कागद काढून राहिले होते. मीच ठेवा म्हटलं.

तीन वर्सं, सर. तीन वर्सं मी तिच्या नावानं बोटं मोडली. निजताना मोडली, उठताना मोडली. सकाळी उठून पह्यलं तिच्या चुलीकडं पाहो, आज हिचा धूर कसा निंगते, आन त्याच्यावरच माहा दिवस जाये. खोटं नाई सांगत, नाव नाई भेटलं पन राग तं होता माहा सोताचा, कोनी देला नव्हता. आता ती तेबी घेऊन गेली. आता मी कोनावर जळू? सांगा ना! एवढे शिकले तुमी, सांगा! शाल गेली, फोटो गेला, मोठेपना बी तिलेच भेटला — आन माह्या हातात काय, तं हा दात, आन तोबी तिनं देला म्हनून.

नका लिवू नाव. नाई, काई नका लिवू, पेन ठेवा खिशात. घ्या हा दात आन जा तुमी. अर्जुनीच्या स्टँडवर हिरवं लुगडं घालून उभी असन, डब्बा कवळून, सावलीत उभी राहाची अक्कल नाई तिले. मी पाठवलं म्हनू नका. काईच म्हनू नका. जा ना सर, कायले बसून राहिले, मले रांधाचं हाय, चार मानसं जेवाची हायेत. जा म्हटलं ना!