आबांच्या आवाजाचं कुलूप

हॅलो?… कोन, रानी?… हां, बोल. बीडलाच हाय, दवाखान्यात. तुजा बाप गोळ्या आनाया गेलाय… उद्या सकाळी नेत्यात आत. छाती उघडनार म्हनं… भ्या कशाचं? लहानपनी म्या वाघ गिळलाय, निघायचा भाईर. डॉक्टरनंच भ्यावं.

…रडती कावून?

हो, हो… अगं ऐक ना. आबांची आठवन आली? आबा गेले, पर त्येंचा आवाज हाय ना कंप्यूटरमदी, मग लाव की… पासवर्ड?… त्यो माजलगावच्या धरनात पडला, मगरीनं खाल्ला… बरं बरं, न्हाई करत चेष्टा.

कुनाला तरी इचार की. तुजं ते कुलपाचं सॉफ्टवेअर जगातल्या पोरापोरींनी मिळून केलंय म्हनलीवतीस, फुकट, समद्यांना उघडं. त्या जर्मनीतल्या पोराला इचार… त्यालाबी येत न्हाई? मंग उघडं कशाचं?… हां… हां. कुलूप कसं केलंय ते कुनीबी बघावं, किल्ली फकस्त माजी. विसरलं म्हनून दाबायचं बटनबी न्हाई… ते म्हाईत हाय. घरातलं बोलनं इंटरनेटवर जाऊ नये म्हनून तूच वायर काढून ठिवलीवती.

…तसं नको बोलू…

…न्हाई, बरुबर हाय तुजं. मला काय झालं, तर त्येंचा आवाजबी गेला. बरुबर हाय, पोरी.

पर सांगू कशी?… तूच म्हनलीवतीस, आजी, आसं कायतरी ठिव जे तुज्या तोंडातून चुकूनबी निघनार न्हाई. म्या तेच ठिवलं. वडवनीच्या आपल्या दुकानात, दार लावून, एका बोटानं दाबून.

न्हाई, देवाचं न्हाई… गावाचंबी न्हाई… आगं, मी तुला नुसतं रानी कावून म्हनती? पाळन्यात काय नाव ठिवलं तुजं?… आबांनीच ठिवलं. निम्मं सोताचं नाव घातलं त्यात, आन् माजी पंचाईत केली. मी कसं घेऊ त्ये?

…हां. त्येच. त्येंचं, पुरं… बोलू नको गं, नुसतं लिही.

काल हितं नर्सनं नवऱ्याचं नाव इचारलं, तर तुज्या बापानं सांगितलं… कदीच न्हाई कसं? लग्नात घेतलं की, उखान्यात. पर येवढ्या हळू, की मांडवाभाईरच्या बैलालाच ऐकू गेलं. मरूस्तोवर मला बघून हसायचा त्यो बैल. आन् ह्ये जलमभर म्हनायचे, मला काय ऐकू आलं न्हाई…

उघडलं?

…थांब. फोन त्याच्याजवळ धर.

…

खोकला त्येंचाच हाय.

…काय म्हनले? फिरून लाव…

"उमा, आता रेकॉर्ड चालू हाय. आता तरी एकदा नाव घे."

…हां. हितं मी गपच. बांगड्या वाजल्या बघ, पदर लावलावता तोंडाला…

"बरं, राहू दे." …आसंच म्हनायचे. बरं, राहू दे.

…न्हाई, रडत न्हाई. नर्स आलीया, फोन ठिवा म्हनती. एक मिंट, बाई, एकच मिंट.

रानी, त्ये फिरून लाव. जितं नाव घे म्हनत्यात ना, तितं थांबीव. आन् फोन त्याच्याजवळच धर.

…

रुद्रप्पा.

…तुला न्हाई गं. त्येंना बोलले. ठिवते.