मिशन रविवारचं पत्र

— नाही नाही, पहिल्या दोन रांगांत नका ठेवू, तिथे गायनमंडळी बसतात आणि गायनमंडळी काही देत नाहीत, म्हणतात आम्ही आवाज देतो — तिसऱ्या रांगेपासून सुरू करा. प्रत्येक खुर्चीवर देणगीचं एक पाकीट, बरोबर मधोमध. म्हणजे काय होतं, माणूस बसायला आला की पाकीट उचलल्याशिवाय त्याला बसताच येत नाही. आणि एकदा हातात घेतलं की परत ठेवणार कुठे? शेजारचा बघत असतो ना. बावीस वर्षं मिशन रविवारची ही पाकिटं मी मांडते आहे, मला विचारा. पाळक येतात नि जातात — आमच्या मेथडिस्ट मंडळीत पाळकाची बदली ठरलेलीच, बिचाऱ्यांचं सामान पुरतं सुटत नाही तोवर परत बांधायची वेळ येते — पण मिशनची चिटणीस मीच. आताचे पाळक तर चार महिन्यांपूर्वी आलेत, त्यांना अजून वखारवाले कोण आणि दातांचे डॉक्टर कोण ते कळत नाही, दोघांनाही एकाच नावाने हाक मारतात.

तर तुम्ही सिस्टरची बहीण. धाकटी. दारात उभ्या राहिलात तेव्हाच मी ओळखलं, कपाळ अगदी तेच. आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणतो, नर्स म्हणून सिस्टर आणि मंडळीतली बहीण म्हणूनही सिस्टर — तुम्ही घरी ताई म्हणत असाल. याच वेदीपुढे गुडघे टेकून बसली होती सहा वर्षांपूर्वी, सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला मिशनच्या डोंगरातल्या दवाखान्यात पाठवलं. माझाही हात होता. बसा ना — नाही, बसू नका, मांडता मांडता बोलू, उद्या साडेनऊला उपासना आहे आणि दोनशे चाळीस खुर्च्या व्हायच्या आहेत.

तीन महिने फोन नाही म्हणता? हं. अहो, त्या दवाखान्यात फोन लागत नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. मागची टेकडी चढून वर जायचं तेव्हा कुठे लागतो. दर रविवारी जायची ती, पण आता तेवढा दम — आता वेळ कुठे असतो तिला. डॉक्टर महिन्यातून दोनदा येणार, बाकी सगळा कारभार ती आणि एक कंपाउंडर. काळजी करण्यासारखं काही असतं तर मला कळलं नसतं का? पत्रं येतात की. म्हणजे येत होती. मिशनने पाठवलेल्या माणसाने मंडळीला अहवाल द्यायचा असा नियमच आहे, आणि तो चिटणीसाच्या नावे, म्हणजे माझ्या नावे येतो. मी तो मिशन रविवारी उभी राहून वाचते. लहान मुलं मला पत्रवाल्या बाई म्हणतात, माझं खरं नाव त्यांच्या आयांनाही आठवत नसेल.

आणि ते वाचणं साधं नाही बरं का. तिच्या आधी जे होते ना तिथे, त्यांचे अहवाल म्हणजे — इतके रुग्ण तपासले, इतकी इंजेक्शनं दिली, कुंपण दुरुस्त केलं. वखारवाले घोरायचे. खरंच घोरायचे, त्यांची बायको कोपराने ढोसायची तर झोपेतच आमेन म्हणायचे. देणगी किती? विचारूच नका. मग सिस्टर गेली आणि तिचं पहिलं पत्र आलं. तिला लिहिता येतं हो, तुमच्या ताईला. एक म्हातारी दोन डोंगर ओलांडून नातवाला पाठीवर घेऊन आली, असं काही लिहायची की डोळ्यांसमोर उभं राहायचं. पण तिचंही कसं, मध्येच साबण संपल्याचं लिहिणार, मध्येच छपराचं, मध्येच आईच्या गुडघ्यांची चौकशी. ते लोकांपुढे कशाला? मग मी ते नीट करायची. एक वाक्य वर घ्यायचं, एक खाली टाकायचं, एखादं सोडून द्यायचं. खोटं नाही हं. त्या वेदीपुढे उभं राहून मी एकही खोटी गोष्ट वाचलेली नाही. आई भाजी निवडते तसं निवडायची, एवढंच.

मागच्या वर्षीचं तुम्ही ऐकायला हवं होतं. 'इथल्या बायकांना खोकल्याने रात्रभर झोप येत नाही. उशीवर रक्त दिसतं. पाण्याची बादली उचलली तरी खाली बसावं लागतं.' मी एवढं वाचून थांबले — थांबायचं असतं अशा ठिकाणी. वखारवाले टक्क जागे. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पाकिटं इतकी फुगली की ताटात मावेनात, गायनमंडळींनीसुद्धा दिलं, आता बोला. त्यातून औषधांच्या दोन पेट्या गेल्या, पुढे क्ष-किरणाच्या यंत्राचा अर्धा खर्च निघाला. एका शब्दाने, हो. नुसत्या एका शब्दाने किती —

काय झालं? पाकिटं सांडली तुमची. राहू द्या, मी उचलते.

कुठला शब्द? अहो, बोलण्याची पद्धत असते. 'इथल्या बायकांना.' हाच. मूळ पत्रात जरा वेगळं होतं. मूळ पत्रात — असं बघू नका माझ्याकडे — मूळ पत्रात 'मला' होतं.

तुम्ही आधी ऐकून घ्या. बायका आजारी नव्हत्या का? होत्या, गावंच्या गावं खोकत होती, त्यांच्याकडूनच तर तिला लागलं. मग मी खोटं काय वाचलं? बाकी अक्षर न अक्षर तिचं. आणि 'मला' असं वाचलं असतं तर काय झालं असतं, मी सांगते. पहिल्यांदा सगळे हळहळले असते. मग कुणीतरी उठून म्हणालं असतं, बोलावून घ्या तिला. मग दुसरा म्हणाला असता, बदली नर्स मिळेपर्यंत केंद्र बंद ठेवू. आणि बंद दवाखान्याला कोण देतं? कुणी देत नाही. सहा वर्षं जमवत आणलेलं सगळं एका सकाळी पाण्यात गेलं असतं. मला वाटलं, हा एक मिशन रविवार पार पडू दे, यंत्राचं होऊ दे, मग पाळकांच्या कानावर घालते. तेवढ्यात पाळकांची बदली झाली. नवे आले, त्यांना आल्या आल्या काय सांगायचं? आणि मग दिवस असे जातात ना बाळ, की एखादी गोष्ट सांगायची राहून गेली की ती सांगायला आदल्या दिवसापेक्षा जास्त धीर लागतो.

औषधं? घेतली असतील ना तिने. दोन पेट्या पाठवल्या, औषधांच्या दुकानवाल्यांनी नफा न घेता दिल्या, आमच्या महिला मंडळाने पॅक केल्या. त्यावर आम्ही — त्यावर आम्ही चिठ्ठी चिकटवली होती. सगळ्या म्हणाल्या लिहूया, म्हणून लिहिलं, 'फक्त रुग्ण भगिनींसाठी'. तर तिने काय कळवलं माहीत आहे? म्हणते, दवाखान्यातला साठा संपला होता, पेट्या अगदी वेळेवर आल्या. चिठ्ठी वाचली आणि सगळ्या बाटल्या भगिनींना वाटल्या. देणाऱ्याने ज्याच्यासाठी दिलं त्यालाच ते गेलं पाहिजे, म्हणून एकही मागे ठेवली नाही. आणि त्याखाली — मला बदली कधी पाठवता?

पहिला भाग मी महिला मंडळात वाचला. सगळ्या रडल्या.

नाही ग, मी काही राक्षस नाही. मलाही रात्री झोप येत नव्हती त्या पत्रानंतर. पण तिनेच लिहिलं होतं, घरी कळवू नका, आई हबकेल. आणि लिहिलं होतं की मिशनने पाठवलं, मिशनच बोलावेल, कुणी जागेवर आल्याशिवाय मी रुग्ण टाकून निघणार नाही. आता असं बजावून लिहिल्यावर मी तुमच्या घरी कशी कळवणार होते? तेवढ्यापुरती मी अगदी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही.

आणि खरं सांगू? आता तू विचारतेसच तर सांगते. आवडायचं मला. घरी माझं कोण ऐकतं? मुलगा जेवताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, सून मी काहीही म्हटलं की हो आई म्हणते आणि निघून जाते. मंडईचं सांगितलं तरी हो आई, छातीत दुखतंय सांगितलं तरी हो आई. आणि इथे वर्षातून एकदा दोनशे चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी थांबले की त्यांचा श्वास थांबतो. त्या चार मिनिटांसाठी मी वर्षभर जगायची. हे मी कुणाला बोलले नव्हते आजवर. तू तिच्यासारखीच आहेस, समोरचा बोलत सुटतो तुझ्यापुढे.

यंदाचं? आलंय की. नऊ दिवस झाले. त्या टेबलाच्या खणात आहे, उद्या वाचायचं. नाही, काय लिहिलंय मला ठाऊक नाही, मी फोडलेलं नाही. मागच्या खेपेला जिल्ह्याचे अधीक्षक, म्हणजे पाळकांचे वरिष्ठ, आले होते, त्यांनी सहज विचारलं, बाई, पत्र आधी कुणी वाचतं का? तेव्हापासून मी ठरवलं, कुणाला शंका नको, पत्र सगळ्यांसमोरच फोडायचं. महिला मंडळातलंही तसंच फोडलं. जे गाळायचं ते वाचता वाचताच गाळते आता, इतकी सवय झालीये की जीभ आपोआप वळते. लोकांनाही बरं वाटेल, पाकीट फाटल्याचा आवाज माइकवर येईल.

अगं, थांब. खण असा ओढू नकोस, अडकतो तो. ते तुझ्या नावाचं नाही. मंडळीच्या नावे आलेलं पत्र आहे, असं कुणीही उठून — हो. बघितलंय मी. वरचं अक्षर तिचं नाही. कंपाउंडरचं असेल. म्हणून काय झालं, तिच्या हाताला काही लागलं असेल, कामाच्या घाईत त्याच्याकडून पत्ता घातला असेल, किती कारणं असतात. तुला काय वाटतं, मी घाबरले म्हणून नाही फोडलं? — घाबरले. बरं, घाबरले. नऊ दिवस त्या खणाकडे बघत नाही मी. झालं समाधान? पण तू उद्यापर्यंत थांब ना. उद्या ये, पुढच्या रांगेत बस. मी आधी तुझी ओळख करून देईन, सिस्टरची सख्खी बहीण इतक्या लांबून आली आहे म्हणून सांगेन, तुला दोन शब्द बोलायला लावेन — रडू आलं तर येऊ दे, दाबू नकोस — आणि मग सगळ्यांसमोर पत्र फोडू. बघ तू, राहिलेल्या अर्ध्या यंत्राचं उद्याच्या उद्या —

सोड. सोड म्हणते ना, फाटेल ते.

फोडलंस शेवटी. वाच मग. मोठ्याने वाच, माझा चष्मा पर्समध्ये आहे. — 'आदरणीय बाईंना कंपाउंडरचा नमस्कार.' बरं. चांगला माणूस आहे तो, अक्षर जरा — पुढे? — 'सिस्टर आता उठून बसत नाहीत.' — हं. — 'डॉक्टर म्हणतात, आजपासून पंधरा दिवसांत मोठ्या इस्पितळात हलवलं तर आशा आहे, त्यानंतर सांगता येत नाही. आम्ही खाटेवरून खाली रस्त्यापर्यंत आणू. पण त्या तयार होत नाहीत. म्हणतात मिशनचं बोलावणं आल्याशिवाय यायचं नाही, मिशन रविवार झाला की नक्की येईल. कृपा करून मिशनचं किंवा घरचं कुणी माणूस —'

का थांबलीस? वाच ना.

तारीख काय आहे वर? नीट बघ. बारा का? बारा. म्हणजे चार दिवस टपालात. आणि नऊ दिवस — तेरा झाले. तिथे पोचायला दोन दिवस लागतात, रात्रीची गाडी आणि मग बस, आणि ती बस सकाळची एकच. थांब, मला मोजू दे. आज संध्याकाळची गाडी मिळाली तर — मिळेल, सहा दहाची आहे, आता साडेचार होतायत. नाही, पाळकांकडे नको जाऊस, ते आधी प्रार्थना करतील, मग समिती बोलावतील. घरचं माणूस चालेल म्हणतोय ना तो, मग झालं तर. तू सांग तिला, मिशनने बोलावलं म्हणून. माझं नाव सांग. ऐकेल ती माझं, माझ्यावर विश्वास आहे तिचा, प्रत्येक पत्रात लिहायची, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून.

माफी मागू का मी? मागितली तर थांबशील का ऐकायला? नाही ना. मग जा. पाकिटं राहू दे, मी मांडते राहिलेली. त्या बाजूच्या दाराने जा, पुढचं मी बंद केलंय.

अहो — अहो ताई, ते पत्र कुठे नेता? ते ठेवून जा. मंडळीचं आहे ते. अहो, ऐकलंत का — उद्या मी काय वाचू?