डाव्या पायाखालची पाचर

हॅलो?… हं, बोल. दुकानातच आहे, हातात चिमटा आहे. पटकन सांग.

…बंद पडलं? बाबांचं उंच घड्याळ? अरेरे.

…नाही गं, मी कशाला हसू? तीस वर्षं बाबांशेजारी बसून घड्याळं दुरुस्त करत बोटं काळी केली मी, आणि मृत्युपत्रात घड्याळ निघालं तुझ्या नावावर. यात हसण्यासारखं काय आहे?

…हो, हो, हत्यारं दिली मला. माहितीये.

…बरं, रडू नकोस. हलवताना लंबक काढला होतास ना? वजनं?… मग ठीक. आता लंबक हलव आणि फोन पेटीला लावून धर… बोलू नको… हं. लंगडतंय. टिक-टक… टिक-टक… दहा मिनिटांत थांबणार ते.

…डाव्या पायाखाली काय? पाचर?

…बाबा ठेवायचे म्हणून. बरं. आणि ती जुनी?… हमालांनी हरवली. मग सुताराकडून नवी करून घेतलीस. फोटोत बघून.



…अगं ऐक ना. आपल्या दुकानाची जमीन उतरती, म्हणून लागायची पाचर. तुझी फरशी सपाट आहे, वेडे. घड्याळ तिरकं उभं केलंयस तू. नवऱ्याला हाक मार, पेटी जरा उचलायला सांग आणि काढ ती.

…आधी लंबक थांबव. हं.

…मीच कापली होती ती जुनी. चौथीत होते. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, 'बसली.'

…हमालांना शिव्या देऊ नकोस.

…कारण ती माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये. घड्याळ नेलं त्या दिवशी मीच पर्समध्ये टाकली. तुझ्याकडे ते चालूच नये म्हणून. तुझ्या फरशीवर ती लागणारच नाही, हे रागात सुचलंच नाही.

…शिव्या मला दे, हव्या तर.



…निघाली? मग काटे आताच्या वेळेवर आण आणि लंबक ढकल. हळू. आता धर फोन… टिक, टक… टिक, टक. सरळ चालतंय.

…टोले पडायला? सात मिनिटं आहेत अजून. तोवर धरणार? हात भरून येईल तुझा.

…जळतेच आहे मी अजून, सांगून ठेवते.

…बरं. धर.

…

…चार… पाच… सहा. बरोबर.

ठेवते.